जुन्या यूटीएमवर आणि पाइपांच्या जलदाब यंत्रावर सेन्सर बसवून नोंदी संगणकात घेण्याबाबत

प्रश्न : पाइप_प्रयोगशाळा (जळगाव)

नमस्कार. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील आमच्या कारखान्यात एचडीपीई (एक प्रकारचे टणक प्लास्टिक) पाइप तयार होतात आणि त्याच आवारात सौर पंपांसाठी लागणारे लोखंडी सांगाडेही बनवले जातात. दोन्ही विभागांच्या मालाची चाचणी एकाच प्रयोगशाळेत होते आणि तिची जबाबदारी माझ्याकडे आहे. तेथील दोन यंत्रे जुनी असली तरी ठणठणीत आहेत. पहिले म्हणजे ४०० किलोन्यूटन क्षमतेचे, तेलाच्या दाबावर चालणारे यूटीएम, म्हणजे नमुना ताणून किंवा दाबून त्याची ताकद मोजणारे यंत्र. त्याला लंबक आणि मोठी डायल आहे, आणि लंबकावरची वजने बदलली की ४०, १००, २०० आणि ४०० किलोन्यूटन असे चार पल्ले मिळतात. दुसरे म्हणजे पाइपांची जलदाब चाचणी घेणारे यंत्र, ज्यात गरम पाण्याची टाकी, एका वेळी सहा नमुने जोडण्याची सोय आणि प्रत्येक नमुन्यासाठी काट्याचा प्रेशर गेज आहे.

सध्या सगळ्या नोंदी रजिस्टरमध्ये होतात. यूटीएमवर नमुना तुटल्यावर वर थांबून राहिलेला दुसरा काटा वाचून आकडा लिहिला जातो, तर जलदाबाचे आकडे ठरावीक तासांनी टिपले जातात. रात्रपाळीच्या नोंदी दिवसपाळीपेक्षा फारच एकसारख्या असतात. याचा अर्थ येथील जाणकारांना समजावून सांगण्याची गरज नाही. आता काही ग्राहक प्रमाणपत्रासोबत आलेख मागू लागले आहेत, आणि यंत्र धडधाकट असताना नवे घेण्यास मालकांची तयारी नाही, जे मला रास्तही वाटते.

माझ्यासमोरचे प्रश्न असे आहेत. यूटीएमवर सेन्सर नेमका कोठे बसवावा, आणि तो बसवल्यानंतर सध्याचे कॅलिब्रेशन (प्रमाणित उपकरणाशी आकडे ताडून पाहिल्याचे) प्रमाणपत्र ग्राह्य राहते की नाही? जलदाबाची चाचणी ८० अंश सेल्सिअसला १६५ तास चालते. एवढ्या काळात वीज कधी ना कधी जातेच, तर नोंद अखंड कशी ठेवावी? आणि सुरुवात कोणत्या यंत्रापासून करणे शहाणपणाचे ठरेल?

उत्तर : उपकरण_दुरुस्ती (धुळे)

मी यूटीएमपुरते लिहितो. अशा यंत्रावर भार मोजण्यासाठी तीन जागा मिळतात. नमुन्याच्या सरळ रेषेत लोडसेल (बल मोजणारा सेन्सर) बसवता येतो, मुख्य सिलिंडरकडून लंबकाकडे जाणाऱ्या तेलाच्या नळीवर टी-जोड देऊन प्रेशर ट्रान्समीटर (दाबाचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारा सेन्सर) लावता येतो, किंवा डायलच्या काट्याच्या आसावर एन्कोडर (आस किती फिरला हे मोजणारा सेन्सर) जोडता येतो. लोडसेल बल थेट मोजतो, त्यामुळे दट्ट्याच्या घर्षणाचा प्रश्न उरत नाही. मात्र आपल्या यंत्रात ताण वरच्या जागेत आणि दाब खालच्या जागेत घेतला जातो. दोन्ही चाचण्यांचा भार एकाच लोडसेलवर यायचा तर तो दट्ट्या आणि टेबल यांच्यामध्येच बसवावा लागतो, म्हणजे अर्धे यंत्र उघडावे लागते. जुन्या यंत्राला इतके छेडणे मला पसंत नाही. म्हणून माझी पसंती प्रेशर ट्रान्समीटरला आहे.

तो विकत घेताना मात्र माहितीपत्रकावरील टक्केवारी नीट वाचावी. समजा आपल्या यंत्रात ४०० किलोन्यूटनला तेलाचा दाब २०० बार होतो आणि आपण २५० बारचा ट्रान्समीटर घेतला. त्यावर लिहिलेला ०.५ टक्का हा बहुतेक वेळा पूर्ण पल्ल्याचा असतो, म्हणजे १.२५ बार, आणि भाराच्या हिशेबात २.५ किलोन्यूटन. ४०० किलोन्यूटनच्या चाचणीत ही त्रुटी नगण्य वाटेल, परंतु ६० किलोन्यूटनला तुटणाऱ्या नमुन्यावर ती ४ टक्क्यांहून अधिक होते, तर अचूकतेच्या वर्ग १ मधील यंत्राला १ टक्क्याचीच मुभा असते. ०.१ टक्क्याचा ट्रान्समीटर घेतल्यास त्रुटी ०.५ किलोन्यूटनवर येते आणि ५० किलोन्यूटनपर्यंत आपण मर्यादेत राहतो. दुकानदार हाताशी आहे म्हणून ४०० बारचा देऊ करील. तो घेऊ नये, कारण पल्ला वाढला की त्याच टक्केवारीत त्रुटीही वाढते.

दुसरी काळजी आकडा वाचणाऱ्या कार्डाची. ४ ते २० मिलिअँपिअरचा संकेत २५० ओहमच्या रोधातून नेला की १ ते ५ व्होल्ट मिळतात. ५ व्होल्टचे १२ बिटी कार्ड ४,०९६ भाग पाडते, त्यांपैकी आपल्या वाट्याला सुमारे ३,२७७ येतात, आणि वरील उदाहरणात एक भाग सुमारे ०.१५ किलोन्यूटनचा होतो. वर्ग १ साठी वाचनाची सूक्ष्मता भाराच्या ०.५ टक्क्याच्या आत लागते, तेव्हा या कार्डावर ३० किलोन्यूटनच्या खालचे आकडे बाद ठरतात. १६ बिटी कार्ड घेतले की हा प्रश्न मिटतो.

वेगाकडेही लक्ष द्यावे. बाजारात लोडसेलसाठी मिळणारी स्वस्त कार्डे २४ बिटी म्हणून विकली जातात, पण त्यांपैकी अनेक मुळात सेकंदाला १० वाचनांवर लावलेली असतात. लोखंडाचा वरचा यील्ड बिंदू (जेथे ते कायमचे ताणले जाऊ लागते) क्षणभरच दिसतो, आणि उच्च ताणाचा बोल्ट तर एका झटक्यात तुटतो. सेकंदाला ५० ते १०० वाचने घ्यावीत. नमुना तुटताना तेलाच्या दाबाला बसणारा हिसका ट्रान्समीटरला सोसवावा म्हणून त्याच्या तोंडाशी स्नबर (बारीक छिद्राचा, धक्का शोषणारा जोड) बसवतात. त्याचे छिद्र फार बारीक असेल तर तो कमाल दाबही गिळून टाकतो.

उत्तर : नाना_भुसावळ

मी कॅलिब्रेशनच्या कामातून निवृत्त झालो आहे, म्हणून आधी प्रमाणपत्राचा प्रश्न घेतो. आपले सध्याचे प्रमाणपत्र यंत्र आणि त्याची डायल या जोडीला दिलेले आहे. संगणकाचा नवा पडदा हे नवे दर्शक उपकरण आहे, आणि डायलचे प्रमाणपत्र त्याच्या आकड्याला लागू होत नाही. ताण व दाब यंत्रांच्या पडताळणीसाठी आयएसओ ७५००-१ हे मानक आहे आणि आपल्याकडे ते आयएस १८२८ च्या पहिल्या भागाच्या रूपाने स्वीकारलेले आहे. प्रत्येक पल्ल्यात २० ते १०० टक्क्यांच्या दरम्यान किमान पाच भारांवर आणि तीन फेऱ्यांमध्ये तपासणी करावी लागते, आणि दोन पडताळण्यांमधील अंतर १२ महिन्यांपेक्षा जास्त नसावे अशी मानकाची शिफारस आहे. यंत्राच्या भार मोजणाऱ्या भागाला हात लावला की मुदत शिल्लक असली तरी पडताळणी नव्याने करावी लागते.

म्हणून माझा आग्रह असा की नळीवर टी-जोड देण्यापूर्वी यंत्र आहे त्या स्थितीत एकदा तपासून घ्यावे, आणि सेन्सर बसवल्यानंतरच्या पडताळणीत डायल आणि पडदा या दोघांचेही आकडे एकाच बैठकीत, एकाच प्रमाणित लोडसेलसमोर टिपून घ्यावेत. पुढे दोहोंत फरक दिसू लागला तर दोष कोणाचा हे ठरवायला तोच आधार राहतो. सॉफ्टवेअरमध्ये पाच-सहा बिंदूंवर दुरुस्तीचे कोष्टक भरता येते आणि त्याने वक्रता बरीच निघून जाते. पण कोष्टक भरायचे ते पडताळणीच्या आधी. नंतर त्याला कुलूप लावावे आणि त्याची छापील प्रत प्रमाणपत्रासोबत ठेवावी. पडताळणी झाल्यावर कोष्टकातील आकडे बदलत राहणाऱ्या प्रयोगशाळा मी पाहिल्या आहेत, आणि त्यांच्या प्रमाणपत्राला काही अर्थ उरत नाही.

सेन्सरच्या जागेबद्दल माझे मत धुळ्याच्या भाऊंपेक्षा थोडे वेगळे आहे. लंबकाच्या यंत्राची खरी श्रीमंती त्याच्या चार पल्ल्यांत आहे. ४० किलोन्यूटनच्या पल्ल्यावर पूर्ण डायल ४० किलोन्यूटनसाठीच वापरली जाते, आणि तेथे ८ किलोन्यूटनचा आकडाही विश्वासाने वाचता येतो. २५० बारच्या एकट्या ट्रान्समीटरला ते जमणार नाही. काट्याच्या आसावर एन्कोडर बसवल्यास चारही पल्ले जसेच्या तसे हाती राहतात. फक्त लंबकावर कोणते वजन टांगले आहे हे सॉफ्टवेअरला कळले पाहिजे, आणि ते माणसाच्या निवडीवर सोडू नये. प्रत्येक वजनाच्या जागी एक छोटा मायक्रोस्विच लावावा, नाहीतर १०० च्या पल्ल्यावर घेतलेली चाचणी २०० च्या खात्यात जमा होते आणि आकडा दुप्पट होऊनही आलेख मात्र सुबक दिसतो.

आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे, कारण ग्राहक आलेख मागत आहेत. टेबलाच्या हालचालीवर तार किंवा एन्कोडर लावून भार आणि विस्थापन यांचा आलेख काढता येतो. पण त्या विस्थापनात जबड्यांतील घसरण आणि यंत्राच्या स्तंभांचा ताणही मिसळलेला असतो. त्या आलेखावरून ०.२ टक्के प्रूफ स्ट्रेस (नमुन्यात ०.२ टक्के कायमची वाढ घडवणारा ताण) काढू नये. त्यासाठी नमुन्यावरच एक्स्टेन्सोमीटर (नमुन्याची वाढ थेट मोजणारे उपकरण) लावावा लागतो आणि त्याचे कॅलिब्रेशन वेगळे होते. असा आलेख द्यायचाच असेल तर त्याच्या अक्षावर ‘टेबलाचे विस्थापन’ असे स्पष्ट लिहावे.

उत्तर : पाइप_प्रयोगशाळा (जळगाव)

दोघांचेही आभार. आमच्या सांगाड्यांच्या पट्ट्या, अँगल आणि मोठे बोल्ट बहुतेक ६० ते २५० किलोन्यूटनच्या दरम्यान तुटतात. ४० किलोन्यूटनच्या पल्ल्यावर लहान बोल्ट येतात, पण ते क्वचित. या माहितीने निर्णयात काही फरक पडतो का?

उत्तर : उपकरण_दुरुस्ती (धुळे)

पुष्कळ पडतो. ६० च्या वर ०.१ टक्क्याचा ट्रान्समीटर वर्ग १ मध्ये बसायला हरकत नाही, आणि काट्याच्या दातेरी पट्टीतील ढिलाई व घर्षण एन्कोडरच्या आकड्यात उतरते, ते येथे टळते. नानांचा मुद्दा लहान भारांपुरता पूर्ण खरा आहे. त्यावर दुसरा, कमी पल्ल्याचा ट्रान्समीटर बसवण्याचा उपाय काही जण सुचवतात. पण मोठ्या चाचणीच्या वेळी त्याचा व्हॉल्व्ह बंद करण्याचे कोणीतरी एके दिवशी विसरतो आणि तो ट्रान्समीटर निकामी होतो. लहान बोल्ट डायलवरच वाचावेत आणि रजिस्टरमध्येच लिहावेत. सर्वच नोंदी संगणकात आल्या पाहिजेत असा काही नियम नाही.

उत्तर : पाणीपुरवठा_साहित्य (नंदुरबार)

मी पाइपांच्या तपासणीचे काम करतो, आणि मला वाटते की सुरुवात यूटीएमपासून करूच नये. यूटीएमची चाचणी काही मिनिटांत संपते, माणूस समोर उभा असतो आणि तुटलेला तुकडा हातात राहतो. तेथे रजिस्टर फारसे फसवत नाही. जलदाबाच्या १६५ तासांत मात्र सगळे वाचनांच्या मधल्या वेळेतच घडते, आणि आपण उल्लेख केलेल्या रात्रपाळीच्या एकसारख्या नोंदी याच यंत्राच्या असणार. सेन्सरवर खर्च करायचा पहिला रुपया येथे करावा.

तापमानापासून पाहू. टाकीतील पाणी ठरलेल्या तापमानाच्या १ अंश इकडे-तिकडे राहिले पाहिजे. पीटी-१०० (तापमानानुसार रोध बदलणारा प्लॅटिनमचा) सेन्सर घेताना बहुतेक जण वर्ग विचारत नाहीत. वर्ग ब च्या सेन्सरला ८० अंशांवर ०.७ अंशाची मुभा असते, म्हणजे आपल्याला मिळालेल्या १ अंशातील बहुतेक जागा तो एकटाच खातो. वर्ग अ चा सेन्सर त्याच तापमानाला ०.३१ अंशाच्या आत राहतो. जोडणी तीन तारांची घ्यावी, नाहीतर लांब तारेचा रोध तापमान म्हणून वाचला जातो. आणि एकच सेन्सर पुरे समजू नये. तापमान नियंत्रकाचा सेन्सर हीटरजवळच्या पाण्याचे तापमान सांगतो, तर टाकीचा दूरचा कोपरा थंड असू शकतो. म्हणून नोंदीसाठी स्वतंत्र दोन सेन्सर समोरासमोरच्या कोपऱ्यांत ठेवावेत.

दाबाला मुभा आणखी तोकडी असते : वर २ टक्के आणि खाली १ टक्का. चाचणीचा दाब १० बार धरला तर खाली केवळ ०.१ बारची जागा उरते. तेथे ४० बारचा, ०.५ टक्क्याचा ट्रान्समीटर लावला तर त्याची स्वतःची त्रुटीच ०.२ बार होते. १६ बारचा, ०.२५ टक्क्याचा घेतल्यास ती ०.०४ बारवर येते. ट्रान्समीटर गरम टाकीपासून दूर, भिंतीवर बसवणे योग्यच. पण पाण्याच्या एक मीटर उंचीचा दाब सुमारे ०.१ बार असतो, हे भिंतीवर खिळा ठोकण्यापूर्वी लक्षात घ्यावे. ट्रान्समीटर नमुन्याच्या एक मीटर वर असेल तर तो ०.१ बार कमी दाखवतो, म्हणजे आपली खालची पूर्ण मुभा केवळ उंचीत संपते. सहाही ट्रान्समीटर टाकीच्या पातळीला बसवावेत किंवा उंचीची दुरुस्ती सॉफ्टवेअरमध्ये नोंदवून ठेवावी.

मिनिटाला एक नोंद घेतली तरी १६५ तासांत प्रत्येक नमुन्याच्या ९,९०० नोंदी होतात, आणि ती फाइल आजच्या संगणकाला काहीच नाही. पण दाब घसरू लागताच वेग वाढवून सेकंदाला काही नोंदी घेण्याची सोय मात्र अवश्य मागून घ्यावी. मला तपासणीत सर्वांत उपयोगी पडते ते हेच. पाइप फुटला तर दाब एका क्षणात कोसळतो. टोकाच्या झाकणाच्या रबरातून पाणी झिरपत असेल तर तो हळूहळू उतरत जातो. रजिस्टरमध्ये दोन्हींची नोंद ‘दाब गेला’ एवढीच होते आणि मग चांगल्या पाइपाचा लॉट वादात सापडतो.

वीज जाण्याबाबत आपण ‘अखंड नोंद’ म्हणालात, त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोंद घेणारे उपकरण आणि ट्रान्समीटर यांना फारच कमी वीज लागते, ती छोट्या यूपीएसवर काही तास चालतात. हीटर आणि पंप त्यावर चालणार नाहीत, त्यांना जनरेटरच लागेल. तेव्हा वीज गेल्यावर तापमान किती खाली आले आणि किती वेळ राहिले हे नोंदीत दिसले पाहिजे, आणि ती चाचणी पुढे चालवायची की रद्द करायची याचा निर्णय मानक वाचून माणसाने घ्यावा. रिकाम्या जागी आधीचा आकडा भरणारी सॉफ्टवेअरे असतात. ती सोय बंद करून घ्यावी. उपकरणात बॅटरीवर चालणारे घड्याळही हवे. साध्या स्फटिकाच्या घड्याळात दशलक्षात २० भागांची चूक असली तरी महिन्याला सुमारे ५० सेकंद इकडे-तिकडे होतात, तर तापमानाची दुरुस्ती करणाऱ्या घड्याळात वर्षाला सुमारे एक मिनिट.

उत्तर : उपकरण_दुरुस्ती (धुळे)

नंदुरबारच्या साहेबांचा क्रम मला मान्य आहे. जोडणीबद्दल थोडे लिहितो, कारण पाइपांच्या कारखान्यात एक्स्ट्रूडरचे (पाइप काढणाऱ्या यंत्राचे) व्हीएफडी, म्हणजे मोटारीचा वेग बदलणारी आणि विजेचा गोंगाट करणारी उपकरणे, शेजारीच असतात. सेन्सरच्या तारा मोटारीच्या तारांसोबत एकाच ट्रेमधून नेऊ नयेत. तारेचे कवच एकाच टोकाला अर्थिंगला जोडावे. अनेक उपकरणे आरएस-४८५ (उपकरणांना संगणकाशी जोडण्याची एक पद्धत) वर एका तारेत ओवणार असाल तर दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोध लावावेत. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि आपली काळी माती आक्रसून पट्टीपासून सुटते. पावसाळ्यात निर्दोष असलेले आकडे मे महिन्यात थरथरू लागले तर सॉफ्टवेअरवाल्याला फोन करण्यापूर्वी त्या खड्ड्यात पाणी घालून पाहावे.

उष्णतेचेही तसेच. बऱ्याच सेन्सरांची तापमान-दुरुस्ती ४० अंशांपर्यंतच हमी देते, आणि जळगाव-भुसावळ भागात उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो. पत्र्याच्या छताखाली, बंद पॅनेलमध्ये त्याहूनही वर. पॅनेल छताजवळ लावू नये, आणि डेझर्ट कूलरच्या झोतातही लावू नये, कारण ती ओलसर हवा कार्डांवर आणि जोडांवर बसते. आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या कार्डांपैकी गंजलेली बरीचशी कूलरसमोरचीच असतात.

उत्तर : पाइप_प्रयोगशाळा (जळगाव)

आता चित्र स्पष्ट झाले. आधी जलदाब यंत्रावर सहा ट्रान्समीटर आणि दोन पीटी-१०० बसवतो. यूटीएमचे काम त्यानंतर हाती घेतो. दोनच शंका राहिल्या. आकडे संगणकात येऊ लागल्यावर रजिस्टर बंद करावे का, आणि यूटीएमची पडताळणी केव्हा लावावी? मालक म्हणतात की मे महिन्यात ऑर्डरी कमी असतात, तेव्हाच उरकून घ्या.

उत्तर : नाना_भुसावळ

रजिस्टर काही काळ समांतर चालू ठेवावे, पण दोहोंत एकच आकडा उतरवून घेण्यासाठी नव्हे. पडद्यावरचा आकडा रजिस्टरमध्ये कॉपी होऊ लागला की ताडून पाहण्याचा हेतूच संपतो. डायल वाचणाऱ्याला पडदा दिसणार नाही अशा जागी तो ठेवावा. संगणकात मूळ, न पूर्णांकित केलेली वाचने वेगळी जपावीत; लॉट क्रमांक किंवा नमुन्याची जाडी चुकीची भरली गेली तर ती दुरुस्त करता यावी, पण जुनी नोंद, दुरुस्तीची तारीख आणि दुरुस्त करणाऱ्याचे नाव कायम राहावे. चाचणी प्रयोगशाळांसाठीच्या आयएसओ १७०२५ या मानकाच्या २०१७ च्या आवृत्तीत तांत्रिक नोंदींबाबत हीच अपेक्षा आहे, आणि साध्या एक्सेलच्या फाइलमध्ये ती पाळणे अवघड जाते.

पडताळणी मात्र मे महिन्यात लावू नये. मानकानुसार ती १० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानातच करता येते. प्रयोगशाळेत वातानुकूलन असेल आणि ते यंत्राच्या जागेपर्यंत पोहोचत असेल तर गोष्ट वेगळी. केवळ कूलर असेल तर बाहेरून आलेला माणूस थर्मामीटर पाहूनच परत जाईल आणि त्याच्या फेरीचे पैसे तुमच्या माथी पडतील. नळीवरचा टी-जोड आणि ट्रान्समीटर उन्हाळ्यात बसवून घ्या, पावसाळाभर डायलशी आकडे ताडून पाहा, आणि दिवाळीनंतर पडताळणी लावा. टी-जोड बसवल्यापासून पडताळणी होईपर्यंत मात्र त्या यंत्रावरून ग्राहकाला प्रमाणपत्र देता येणार नाही. तेवढ्या काळातले लोखंडाचे नमुने बाहेरच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवण्याची तजवीज आधीच करून ठेवा, आणि तो खर्च परवडत नसेल तर टी-जोडसुद्धा दिवाळीनंतर पडताळणीच्या आदल्या आठवड्यातच बसवा.